सांगणार नाही... पण का नाही? समुपदेशकाचा नैतिक विवेक मोजतात तो कसा

दर जूनमध्ये समुपदेशनाची नवी बॅच आली की पहिल्याच आठवड्यात मी एक कागद वाटते. त्यावर एकच प्रसंग असतो, मी रचलेला.

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात एचआयव्ही चाचणी केंद्रावर तुम्ही समुपदेशक आहात. बत्तीस वर्षांचा एक ट्रकचालक येतो, त्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह निघतो. बायको गावी असते, हा पंधरा दिवसांतून एकदा घरी जातो. तो म्हणतो, 'ताई, घरी काही कळू देऊ नका. मी बघतो माझं माझं.' तीन भेटी होतात, तिन्ही वेळा हेच. तुम्ही त्याच्या बायकोला सांगाल का?

खाली तीन चौकोन: सांगेन, सांगणार नाही, ठरवता येत नाही. त्याखाली पाच रिकाम्या ओळी आणि वर एकच शब्द, 'का?'

मुलं चौकोनापाशी पेन चावत बसतात. मला चौकोनात फारसा रस नसतो, मला त्या पाच ओळी हव्या असतात. एका वर्षीचे पाच कागद मी जपून ठेवलेत. पाचही जणांनी 'सांगणार नाही'वरच खूण केली होती. कारणं बघा.

पहिला: 'त्यानं तक्रार केली तर माझी नोकरी जाईल.'

दुसरी: 'हा निर्णय मेडिकल ऑफिसरांचा आहे. केंद्राचे नियम असतील त्याप्रमाणे.'

तिसरा: 'रिपोर्ट गुप्त ठेवायचा असा कायदा आहे. आणि एकाचं बाहेर फुटलं की उद्या तालुक्यातलं कोणी तपासायला येणार नाही.'

चौथी: 'तो अजून हादरलेला आहे. आणखी दोन भेटी दिल्या तर तो स्वतः सांगेल. त्यानं सांगणं आणि मी सांगणं यात तिच्यासाठीही फरक आहे.'

पाचवी: 'गुप्तता हा त्याचा हक्क, तसा जिवाचा हक्क तिचाही आहे. तिला तपासणीला आणायचे बाकीचे मार्ग संपेपर्यंत मी गप्प राहीन. संपले तर बोलेन, मग माझं काहीही होवो.'

आता यांना थोडा धक्का देऊन पाहू. पहिल्याला लेखी हमी दिली की नोकरी जाणार नाही, तर तो उद्याच सांगून मोकळा होईल. दुसरीला साहेबांचा फोन आला की तीही सांगेल. चौथीवर या दोन्हीचा काडीइतका परिणाम होणार नाही. म्हणजे एकाच चौकोनात बसलेली ही पाच माणसं परवाच्या दिवशी पाच वेगळ्या दिशांना गेलेली असतील. समुपदेशकांचा नैतिक विवेक मोजायची जी साधनं गेल्या पन्नासेक वर्षांत निघाली, त्यांतली बरीचशी एवढ्या एका गोष्टीवर उभी आहेत: माणसानं ठरवलं काय यापेक्षा ठरवलं कशावरून, ते बघा.

हा विचार समुपदेशनातून आलेला नाही, तो आला मुलांच्या अभ्यासातून. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहलबर्ग यांनी १९५८ साली शिकागो विद्यापीठात प्रबंध सादर केला. ते मुलांना गोष्टी सांगायचे आणि मग खोदून खोदून विचारायचे. त्यातली हाइन्झची गोष्ट मानसशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. बायको मरणाच्या दारात आहे. औषध एकाच दुकानदाराकडे आहे. त्याला ते पडतं २०० डॉलरला, तो मागतो २०००. हाइन्झकडे कसेबसे १००० जमतात. त्यानं दुकान फोडावं का? 'फोडावं' आणि 'फोडू नये' या दोन्ही उत्तरांना कोहलबर्ग यांच्या लेखी सारखीच किंमत होती. त्यांना हवा होता तो त्यामागचा तर्क, आणि त्यातून त्यांनी सहा पायऱ्या मांडल्या: शिक्षेच्या भीतीपासून सुरू होऊन लोकांची पसंती, कायदा आणि मग सर्वांना लागू व्हावीत अशी तत्त्वं.

पद्धत छान, पण वेळखाऊ. प्रत्येकाची लांबलचक मुलाखत घ्या, ती उतरवून काढा, मग शिकवून तयार केलेल्या माणसाकडून तिचे गुण ठरवा. शंभर जणांचं करायचं म्हटलं की एखाद्याची पीएच.डी. त्यातच संपते. मिनेसोटा विद्यापीठातल्या जेम्स रेस्ट यांनी १९७० च्या दशकात याला सुटसुटीत वाट काढली. त्यांच्या चाचणीचं नाव डिफायनिंग इश्यूज टेस्ट, थोडक्यात डीआयटी. बोलायला लावण्याऐवजी त्यांनी निवडायला लावलं. एक गोष्ट, तिच्याखाली बारा मुद्दे. प्रत्येक मुद्दा तुम्हाला किती महत्त्वाचा वाटतो ते पदनिश्चयन श्रेणीवर, म्हणजे कमी ते जास्त अशा पट्टीवर, सांगायचं आणि शेवटी सर्वांत महत्त्वाचे चार क्रमानं लावायचे.

आपल्या ट्रकचालकाच्या गोष्टीला असे मुद्दे लावायचे झाले तर मी हे लावीन: 'केंद्राची बदनामी होईल का?' 'बायकोला दुसरीकडून कळलं तर ती माझ्यावर उलटेल का?' 'कायद्यानं मला बोलायची मुभा आहे का?' 'दोघांच्याही जागी बसून पाहिलं तर दोघांना पटेल असा नियम कोणता?' आणि मध्येच एक असाही: 'व्यक्तीच्या मौनातून समष्टीच्या अस्तित्वाची समग्रता प्रकट होते का?'

या शेवटच्या वाक्याला अर्थ नाही. तो मुद्दामच नाही. रेस्ट यांनी अशी भारदस्त पण पोकळ वाक्यं चाचणीत पेरून ठेवली होती. जो माणूस नुसतं 'उच्च' वाटतंय म्हणून निवडत सुटतो तो यात सापडतो, आणि प्रमाणाबाहेर सापडला तर त्याची उत्तरपत्रिका बाजूला काढतात. मला ही युक्ती फार आवडते. आपल्याकडच्या कित्येक व्याख्यानमालांत असलं वाक्य टाळ्या घेऊन गेलं असतं.

गुण कसे काढतात तेही बघून घेऊ, आकडा कुठून येतो ते कळलं की त्याचा धाक कमी होतो. पहिल्या क्रमांकावर तत्त्वाचा, म्हणजे कोहलबर्ग यांच्या वरच्या पायऱ्यांतला, मुद्दा ठेवला तर ४ गुण, दुसऱ्यावर ३, तिसऱ्यावर २, चौथ्यावर १. एका गोष्टीचे जास्तीत जास्त १०. मूळ चाचणीत सहा गोष्टी, म्हणजे ६०. समजा एखादीनं सहा गोष्टींत मिळून तत्त्वाच्या मुद्द्यांना २४ गुण दिले, तर तिचा गुणांक ६० पैकी २४, म्हणजे शंभरात ४०. अमेरिकेत जमवलेल्या आकड्यांवरून रेस्ट एक ढोबळ शिडी सांगत: माध्यमिक शाळेच्या सुरुवातीची मुलं विशीत, वरच्या वर्गातली तिशीत, कॉलेजातली चाळिशीत, व्यावसायिक शिक्षण संपवणारी पन्नाशीत, आणि नीतिशास्त्रात डॉक्टरेट करणारे साठीत. हे वय नव्हे, गुणांक. १९९९ मध्ये याची सुधारलेली आवृत्ती आली, तिच्यात गोष्टी पाचच ठेवल्या.

आता समुपदेशकांकडे येऊ. विल्यम व्हॅन हूझ आणि लुई पॅराडाइज या दोघांनी १९७९ मध्ये कोहलबर्ग यांचा धागा उचलून समुपदेशकांसाठी खालून वर चढत जाणाऱ्या पाच दिशा मांडल्या: शिक्षेची, संस्थेची, समाजाची, व्यक्तीची आणि तत्त्वाची किंवा सदसद्विवेकबुद्धीची. वरचे पाच कागद परत वाचलेत तर याच क्रमानं लावलेले दिसतील. मी ते तसेच निवडलेत. याच पाच दिशांवर त्यांची एथिकल जजमेंट स्केल बेतलेली आहे. समुपदेशकाच्या खोलीतले प्रसंग आणि प्रत्येकाखाली पाच पर्याय, पाच दिशांचा एकेक. पुढे २००४ मध्ये रॉक्सान डुफ्रीन आणि हॅरिएट ग्लोसॉफ यांनी दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या: पाच दिशा व्हॅन हूझ-पॅराडाइज यांच्या, आणि क्रम लावून गुण काढायचा साचा रेस्ट यांचा. त्या साधनाचं नाव एथिकल डिसिजन मेकिंग स्केल, सुधारित आवृत्ती.

हाइन्झच्या गोष्टीवर समुपदेशकांची परीक्षा का घेऊ नये, हा प्रश्न वर्गात हमखास येतो. घेता येते, घेतलीही आहे. पण हाइन्झ हा नवरा आहे, समुपदेशक नाही. समुपदेशकाच्या डोक्यावर दोन जादा ओझी असतात: समोरच्यानं विश्वासानं हाती दिलेली माहिती, आणि पेशाची आचारसंहिता. अमेरिकेतल्या समुपदेशकांची संघटना १९५२ साली निघाली आणि १९६१ मध्ये तिनं पहिली आचारसंहिता केली. केरन किचनर यांनी १९८४ मध्ये या सगळ्याच्या मुळाशी पाच तत्त्वं आहेत असं मांडलं: माणसाला स्वतःचं ठरवू देणं, अपाय न करणं, हित साधणं, न्याय, आणि शब्दाला जागणं. संघटनेच्या २०१४ च्या संहितेत सहावं आलं, खरेपणा. यांतलं प्रत्येक तत्त्व एकेकटं घेतलं तर कोणाचंच दुमत होत नाही. दोन तत्त्वं एकाच दारातून एकदम आत शिरू लागली की पेच पडतो.

तो पेच दाखवायला मी दुसऱ्या तासाला दुसरा कागद वाटते. केंद्र तेच. यावेळी तेवीस वर्षांची बाई, चौथा महिना. गरोदरपणाच्या तपासण्यांत एचआयव्ही निघालाय. नवऱ्याची चाचणी झालेली नाही. ती म्हणते, 'सासरी कळलं तर मला हाकलून देतील. मागं नुसत्या संशयावरून मारलं होतं.' नवऱ्याला सांगाल का?

पहिल्या कागदावर 'सांगेन, कारण जोडीदाराला कळण्याचा हक्क आहे' असं ठणकावून लिहिणारे इथं चटकन 'सांगणार नाही'वर येतात. मी विचारते, जोडीदाराचा हक्क कुठं गेला? वर्ग शांत होतो. मागून कोणीतरी म्हणतं, 'मॅडम, पण ती बाई आहे ना.' हे उत्तर चूक नाही, फक्त अर्धवट आहे. बाई असण्यातून इथं नेमकं काय बदललं ते शब्दांत मांडता येणं, यालाच विवेकाचं मोजमाप करणारे लोक गुण देतात.

गंमत म्हणजे आपल्या कायद्यानं ते शब्दांत मांडलं आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा, अमलात आला १० सप्टेंबर २०१८ पासून. त्याच्या कलम ९ प्रमाणे जोडीदाराला सांगण्याची मुभा आरोग्यसेवकांपैकी फक्त दोघांना आहे: डॉक्टर आणि समुपदेशक. तीही चार अटींवर. जोडीदाराला लागण होण्याचा मोठा धोका आहे असं मानायला सबळ कारण हवं. स्वतः सांगण्याबद्दल त्या व्यक्तीचं समुपदेशन झालेलं हवं. ती सांगणार नाही अशी खात्री पटलेली हवी. आणि 'मी सांगणार आहे' हे तिला आधी कळवलेलं हवं. सांगायचं तेही समोरासमोर, समुपदेशन करून. मात्र बाईच्या बाबतीत मारहाण, टाकून देणं किंवा तिच्या, तिच्या मुलांच्या जिवाला-मनाला गंभीर इजा होण्याची रास्त भीती असेल तर तिच्या जोडीदाराला सांगायचं नाही.

वकिली नजरेनं वाचलं तर यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'शकतो' हा आहे. चारही अटी पुऱ्या झाल्या तरी समुपदेशक सांगू शकतो. सांगितलंच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. कायदा दारापर्यंत आणून सोडतो. आत जायचं की नाही ते खुर्चीवर बसलेल्या माणसानं ठरवायचं. विवेक मोजायचा तो याच उरलेल्या जागेपुरता.

जिथं अशी जागाच उरत नाही तिथं मोजणारे फसतात. उदाहरण देते. 'शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुलीनं काकाकडून होणाऱ्या लैंगिक अत्याचाराबद्दल तुम्हाला सांगितलं, पण कोणाला सांगू नका म्हणाली. काय कराल?' हा प्रश्न मी अनेक प्रश्नपत्रिकांत पाहिलाय, नैतिक पेचाचा नमुना म्हणून. २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ कळवणं बंधनकारक करतं आणि न कळवणाऱ्याला कलम २१ खाली शिक्षा आहे. म्हणजे कळवायचं की नाही या प्रश्नाला उत्तर एकच आहे. ज्याला कलम माहीत आहे तो पास, नाही तो नापास. हा प्रश्न पाठांतर मोजतो. विवेक मोजायचा असेल तर पुढचं विचारा: कळवणार आहे हे त्या मुलीला आधी सांगाल का? कोणत्या शब्दांत? आज तिला घरी कोणाच्या हाती सोपवाल? मोजमापाच्या शास्त्रात या दोषाला नाव आहे: सप्रमाणता कमी पडणे. जे मोजतोय म्हणालात तेच मोजलं जातंय का, एवढाच तो प्रश्न. दुसरी कसोटी विश्वसनीयतेची, म्हणजे त्याच माणसाला महिन्यानं तीच चाचणी दिली तर गुण साधारण तेवढेच येतात का. ती सांभाळणं तुलनेनं सोपं. तोच चुकीचा प्रश्न दरवेळी तितकाच चुकीचा राहू शकतो.

परदेशी चाचणी भाषांतर करून वापरायची तर हाच दोष मागच्या दारानं येतो. कॅलिफोर्नियातलं तारासॉफ प्रकरण घ्या. १९६९ मध्ये तातियाना तारासॉफ या विद्यार्थिनीचा खून झाला. मारणारा प्रसेनजित पोद्दार हा बर्कलीला शिकायला गेलेला बंगाली विद्यार्थी, आणि खुनाचा विचार त्यानं विद्यापीठातल्या, त्याच्यावर उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञापाशी आधी बोलून दाखवला होता. १९७६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ज्याच्या जिवाला धोका आहे त्याचं रक्षण करण्याचं कर्तव्य उपचार करणाऱ्यावर येतं. तेव्हापासून तिकडच्या प्रसंगांत धोक्यात असलेली तिसरी व्यक्ती हटकून असते आणि योग्य उत्तराला त्या निकालाचा वास असतो. तिथं 'कर्तव्य आहे', आपल्या कलम ९ मध्ये 'शकतो' आहे. तोच पर्याय तिकडे कायदा पाळण्याचा ठरेल आणि इकडे स्वतःच्या निर्णयाचा. भाषांतर अगदी निर्दोष केलं तरी गुण चुकीच्या खान्यात पडणार.

आणि आता माझं स्वतःचं जुनं भांडण. पाचवी पायरी सगळ्यात वरची, हे मला कधीच पूर्ण पटलेलं नाही. व्हॅन हूझ-पॅराडाइज यांच्या मांडणीत तत्त्वाच्या दिशेचा माणूस कायदा, पेशा, समाज यांचे परिणाम काय होतील याची पर्वा न करता अंतर्मनाच्या निवाड्यावर चालतो. ऐकायला उदात्त आहे. पण क्लायंटशी मर्यादा ओलांडणारा समुपदेशकही स्वतःशी नेमकं हेच म्हणत असतो: 'नियम काहीही म्हणोत, तिला या क्षणी माझी गरज आहे.' नियम, वरिष्ठ, सुपरव्हिजन ही कुबडी नाहीत, कठडा आहेत. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानं 'मॅडमना विचारीन' असं लिहिलं तर श्रेणी त्याला संस्थेच्या दिशेत, खालून दुसऱ्या खान्यात टाकते. मी त्याला मनातल्या मनात वरचे गुण देते.

या शिडीवर इतरांनीही बोट ठेवलंय. कोहलबर्ग यांचा मूळ अभ्यास निव्वळ मुलग्यांवरचा होता. मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगन यांनी १९८२ मध्ये आक्षेप घेतला की नाती आणि जबाबदारी यांच्या भाषेत विचार करणारी माणसं या शिडीवर उगाच खाली दिसतात. पुढे निकोलस एम्लर आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये वेगळीच गोम काढली. उजव्या विचारांच्या विद्यार्थ्यांना त्यांनी सांगितलं, डाव्या विचाराचा माणूस कशी उत्तरं देईल तशी द्या. आणि डीआयटीवर त्यांचे गुण वाढले. म्हणजे वरच्या पायरीची भाषा त्यांना येत होती, ती त्यांना आपली वाटत नव्हती. आपल्याकडे आणखी एक भर पडते. वीस वर्षांच्या मुलाला घेऊन आई येते, स्वतः खुर्ची ओढून बसते आणि त्याच्या वतीनं बोलू लागते. तिला बाहेर बसवणं म्हणजे त्याला स्वतःचं ठरवू देणं. आणि तिला पहिल्याच भेटीत बाहेर बसवलं तर दुसरी भेट होतच नाही, हेही खरं. हा हिशोब व्यक्तीच्या खान्यात लिहायचा की समाजाच्या, मला अजून ठरवता आलेलं नाही.

एवढं करून जे मोजलं गेलं ते कागदावरचं. 'बोलाचीच कढी, बोलाचाच भात' अशी अवस्था किती, हे १९८६ मध्ये बर्नार्ड आणि जारा यांनी पाहिलं, फार साध्या युक्तीनं. क्लिनिकल सायकॉलॉजीच्या विद्यार्थ्यांना त्यांनी प्रसंग दिले: तुमच्याच बरोबरीचा कोणी नियम मोडतोय. एकात दारूमुळे त्याचं काम बिघडतंय, एकात क्लायंटशी शारीरिक संबंध आहेत. मग प्रश्न दोन. तुम्ही काय करायला हवं? आणि तुम्ही खरोखर काय कराल? पहिल्याचं उत्तर बहुतेकांना ठाऊक होतं. दुसऱ्याला साधारण निम्म्यांनी त्याहून कमी काहीतरी लिहिलं. पुढच्याच वर्षी हाच प्रयोग काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांवर झाला. दरी कमी दिसली, मिटली नाही.

ही दोन रकान्यांची युक्ती मी उचलली आहे. आमच्याकडचा प्रसंग: तुमच्याबरोबर शिकणारी मैत्रीण इन्स्टाग्रामवर क्लायंटची गोष्ट टाकते, नाव बदलून, पण गाव, पेशा, लग्नाचं वर्ष तसंच ठेवून. 'काय करायला हवं' या रकान्यात सगळे लिहितात, तिच्याशी बोलायला हवं, नाही ऐकलं तर सुपरव्हायजरना. 'काय कराल' या रकान्यात एका मुलीनं लिहिलं होतं, 'स्टोरी म्यूट करीन.' वर्गात हशा पिकला. मला तो सगळ्यात प्रामाणिक कागद वाटला, आणि पुढची चर्चा त्याच्याचमुळे झाली. त्या दोन रकान्यांमधल्या दरीला गुण देता आले असते तर मी चाचणीचे निम्मे गुण तिथं ठेवले असते.

रेस्ट यांना याची कल्पना होती. नैतिक वागणं चार गोष्टींचं मिळून होतं असं ते सांगत: इथं काहीतरी नैतिक आहे हे लक्षात येणं, योग्य काय ते ठरवणं, ते इतर गोष्टींच्या आधी ठेवणं, आणि ते तडीस नेण्याची धमक. वरच्या सगळ्या चाचण्या फक्त दुसरी गोष्ट मोजतात. पहिली त्याहून निसटती, कारण चाचणीत प्रसंगच हातात दिलेला असतो, 'हा घ्या पेच' म्हणून. आयुष्यात पेच पाटी लावून येत नाही. बारशाला गेलेल्या असता. हळदीकुंकवाची ताटं फिरताहेत. कोणीतरी सहज विचारतं, 'आमची शुभांगी येते ना गं तुझ्याकडे? आता बरी आहे ना?' तुम्ही 'हो, बरीच सुधारली' म्हणालात की संपलं, अर्ध्या वाक्यात गुप्तता गेली. कुठलीही शिडी चढायची वेळच आली नाही. मिनेसोटातच म्यूरिएल बेबो आणि रेस्ट यांनी १९८० च्या दशकात दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी यावर तोडगा काढला: संवाद ध्वनिफितीवर ऐकवायचा, नैतिक मुद्दा कुठं आहे ते सांगायचं नाही, आणि विद्यार्थ्यानं दंतवैद्य होऊन थेट उत्तर द्यायचं. मग त्याला तो मुद्दा दिसला का, ते त्याच्या बोलण्यातून तपासायचं. समुपदेशकांसाठी हे मराठीत करायला ध्वनिफीतही नको, मोबाइलवर पाठवलेली व्हॉइस नोट पुरे.

आणखी एक वाट आहे, तिच्यावर मी फार थांबत नाही. शिडीच्या भानगडीत न पडता सरळ यादी द्यायची आणि पेशातल्या लोकांना विचारायचं, हे वागणं नैतिक आहे का. केनेथ पोप आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ४५६ मानसशास्त्रज्ञांना ८३ प्रकारच्या वागण्याबद्दल विचारलं. १९९३ मध्ये गिब्सन आणि पोप यांनी तोच मार्ग समुपदेशकांसाठी घेतला: ५७९ जण, ८८ प्रकार. भेटवस्तू घेणं, मिठी मारणं, पैशाऐवजी वस्तू घेणं, असं सगळं. यातून एकमत कुठं आहे ते कळतं, एवढंच. एकमत म्हणजे विवेक नव्हे. पण आपल्याकडे कोणी अशी यादी केलीच तर तिच्यात क्लायंटच्या आईनं आणलेला पुरणपोळीचा डबा आणि लग्नाची पत्रिका हे दोन मुद्दे पहिल्या दहांत हवेत.

यादी असो की प्रसंग, ते कोठून आणायचे हा प्रश्न उरतोच. अमेरिकी मानसशास्त्र संघटनेनं आपली पहिली आचारसंहिता लिहिण्याआधी ७५०० सभासदांना पत्रं पाठवली होती: तुमच्या कामात नैतिक पेच पडला असा एखादा प्रसंग कळवा. दोन हजारांवर उत्तरं आली, आणि त्यांतून १९५३ ची संहिता झाली. आपल्याकडे चाचणी केंद्रांवरचे समुपदेशक आहेत, कुटुंब न्यायालयांतले विवाह समुपदेशक आहेत, शाळांतले आहेत, पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये बसणारे आहेत. २०२१ मध्ये संबद्ध आरोग्य व्यवसायांचा जो केंद्रीय कायदा झाला, त्याच्या यादीतही समुपदेशक आले. उद्या नोंदणी, परीक्षा असं काही सुरू झालं तर नीतीवरचे प्रश्न त्यात असणारच. ते हाइन्झवर असू नयेत एवढी माझी इच्छा आहे. आणि त्या गुणांवर कोणाला नोकरी द्यायची की नाही असं ठरवू नये, ही दुसरी. ज्या दिवशी गुणांवर पोट अवलंबून राहील त्या दिवशी पाचव्या पायरीची वाक्यं क्लासवाले पाठ करून घेतील.

एप्रिलमध्ये, परीक्षेच्या आधी, मी जूनचाच ट्रकचालकाचा कागद पुन्हा वाटते. बहुतेकांची कारणं लांबलेली असतात, काहींची शिडीवर वरही गेलेली असतात. नोकरी जाईल म्हणून सांगणार नाही असं लिहिणारा तो पहिला मुलगा, त्यानं या वेळी एकाही चौकोनावर खूण केली नाही. पाच ओळींत त्यानं चार प्रश्न लिहिले होते. तो गेल्या महिन्यात घरी गेला होता का? औषधं सुरू झाली का? निरोध वापरतो का? बायकोला तपासणीला आणायला तो कोणाचं ऐकेल, भावाचं की आशाताईंचं? शेवटच्या ओळीत, 'हे कळल्याशिवाय ठरवत नाही.'

श्रेणीत याला खाना नाही. 'ठरवता येत नाही'मध्ये टाकावं तर शून्य गुण होतात. मी समासात पेन्सिलीनं एक बाण काढला आणि कागद जूनच्या पाच कागदांच्या फाइलीत ठेवून दिला.